अर्जावरचे अंगठे

अण्णा, आज सकाळी कॉलेजातल्या दोन मुली दारात सह्या घ्यायला आल्या होत्या. गांजावरची बंदी उठवा, सरकारमान्य दुकानातून विका, म्हणजे चोरून भेसळ विकणाऱ्यांचा धंदा बसेल, असं त्यांच्या कागदावर होतं. मुद्दे बिनतोड. मी त्यांना चहा दिला, कागद दोनदा वाचला आणि चष्मा सापडत नाही अशी थाप मारली. चष्मा नाकावरच होता. म्हातारी चळली असं वाटलं असेल त्यांना. वाटू दे. मला खर्डा गावातलं आपलं घर आठवलं आणि हात काही चालेना.

तुम्ही तिथे हेडमास्तर, मी सतरा वर्षांची, आई जाऊन दोन वर्षं झालेली. बाजारात अफूचं सरकारमान्य दुकान होतं आणि ते बंद करायचं हा एकच ध्यास तुम्हाला. आपल्याकडे धुणंभांडी करायला यायची ती बाई लेकराला घेऊनच यायची. आल्या आल्या आपल्या सहाणेवर स्वतःच्या दुधात तिळाएवढी अफू उगाळायची, बोटानं त्याला चाटवायची आणि ओसरीवर लुगड्याच्या झोळीत टाकायची. आपलं काम उरकलं की झोळी उचलून शेतावर खुरपायला. सगळ्याच बाया तसं करत. एकदा तुम्ही तिला म्हणालात, "विषाला सरकारी शिक्का मारला म्हणून ते औषध होत नाही, बाई." ती राख लावता लावता म्हणाली, "शिक्का हाय म्हनून तर आमाला ठावं हाय मास्तर, तीळभर म्हंजी किती. उद्या मोगलाईतून चोरून यील, तिचं कोन सांगनार? आन् लेकरू कुनाच्या मांडीवर टाकू, तुमच्या?" निजामाची हद्द तर आपल्याला लागूनच होती. तुम्ही चिडला नाहीत. "तुमच्यासाठीच करतोय हे," एवढंच म्हणालात. मला तेव्हा तुमचंच पटलं होतं, आजही बरंचसं पटतं.

अर्जावर बायांचे अंगठे हवेत, असं तुमचं म्हणणं, कारण पुरुषांत निम्मे स्वतःच अफू खाणारे. तुम्ही मला शाई दिलीत, बायांच्या नावांची यादी दिलीत आणि घरोघर पाठवलंत. पाचव्या दिवशी मी भरलेला कागद तुमच्यापुढे ठेवला. त्या बाईच्या नावापुढेही अंगठा होता. तो बघून तुम्ही कधी नव्हे ते हसलात. "तोंडानं नाही म्हणते, पण मनातून पटलंय तिला," म्हणालात आणि अर्ज घेऊन स्वतः नगरला गेलात.

दुकानाला कुलूप लागलं. दोन महिन्यांत आठवडे बाजारात कागदाच्या पुड्यांतून मोगलाईतली अफू फिरू लागली. तिच्यात काथ मिसळलेला, लेकरं झोपेनात. मग बायांनी तिळाएवढीची जोंधळ्याएवढी केली. आणि एका खेपेला माल बिनभेसळीचा आला. पुडी तीच, रंग तोच, कुणाला कळणार? मी अजून ते बघते आहे. शाळेच्या दुपारच्या सुट्टीत तुम्ही जेवायला बसला आहात. ती झोळीशी वाकते, पुन्हा वाकते. "मास्तर, लेकरू उठंना," म्हणते, अगदी हळू. तुम्ही उष्ट्या हातानं धावता, त्याचे तळवे चोळता, तोंडावर पाणी मारता, मला कोरी कॉफी करायला ओरडता. ओठ जांभळे पडलेले. चार वाजायच्या आत सगळं संपलं. ती रडली नाही. तुम्हीच भिंतीला टेकून बसलात आणि भलतंच विचारलंत, "बाई, तूसुद्धा अंगठा दिला होतास ना गं?" तिनं तुमच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार. मग म्हणाली, "व्हय, मास्तर."

आठ दिवसांनी ती पुन्हा कामावर आली. आधी सहाण घासली, पालथी घातली, मग भांड्यांना लागली. मला त्यावरून एक शब्द कधी बोलली नाही. मी मात्र तिची पावलं वाजली की आत जायची. तुम्ही पुन्हा कुठल्या सभेत बोलला नाहीत, घसा धरलाय म्हणायचात. तरी शेवटच्या दुखण्यातही म्हणालात, "ते सगळ्यांनी मिळून केलं होतं, तिनंसुद्धा." तेवढ्यावर तुम्ही तगलात. तिनं ते खोटं तुमच्यासाठी सांगितलं की माझ्यासाठी, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही आणि आता तीही गेली.

तिनं अंगठा दिला नव्हता, अण्णा. "मी न्हाई द्यायची," असं तोंडावर सांगितलं होतं तिनं मला. यादीतल्या पाच-सहा जणी सोडल्या तर सगळ्यांनी दारं लोटली. रिकामा कागद बघून तुम्ही गप्प बसला असतात आणि तुमचं ते गप्प बसणं मला सोसत नसे. म्हणून परसात बसून मी बाकीचे सगळे ठसे भरले, दोन्ही हातांच्या बोटांचे, शेवटी पायांचेसुद्धा. राखेनं घासूनही शाई जाईना. जेवताना तुम्ही माझा हात धरून पाहिलात आणि म्हणालात, "पोरी, किती दारं हिंडलीस माझ्यासाठी."

त्या मुली उद्या पुन्हा येणार आहेत. सही करीन की नाही, अजून ठरत नाही. तुम्ही असताना हे लिहिलं असतं, तरी तुमच्या हाती दिलं नसतं.