तिरका दांडा

रविवार, १ फेब्रुवारी

त्याने ते मला सांगायला नको होतं.

चादरींच्या घड्या घालत होतो – दोन टोकं नवऱ्याकडे, दोन माझ्याकडे. बोलता बोलता म्हणाला, आमच्या जोडणीच्या पॅनेलला एक खोड आहे. दांडा खाली ओढला की सगळ्या पिना एका दमात बसतात, हीच तर त्याच्या कंपनीची मिजास. पण कडाक्याच्या थंडीत जाड हातमोजे घातलेला माणूस दांडा सरळ ओढत नाही. तिरका जातो. मग कोपऱ्यातल्या पिना मान टाकतात. उपाय सापडलाय म्हणे, चाचण्या व्हायच्यात. तोवर सैन्याच्या समितीपुढे झाकली मूठ.

मी म्हटलं, मला कशाला सांगतोस? मी दुसऱ्या कंपनीची, पलीकडच्या बाकावर बसते.

"घरात कुठे बाक आहेत?" म्हणाला, आणि चादरीची टोकं माझ्या हातात दिली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

समितीची बैठक परवा. सैन्याला एकच जोडणी हवी आहे. रेडिओ बिघडला, रडारचा एखादा भाग बिघडला, की तो चाचणी यंत्राला लावायचा. दोष कुठे आहे ते यंत्र आपोआप शोधतं. पण प्रत्येक कंपनीच्या यंत्राचं तोंड वेगळं! दुरुस्ती केंद्रांत कपाटंच्या कपाटं नुसत्या मधल्या केबलींनी भरलेली, आणि हवी ती केबल नेमकी दुसऱ्या केंद्रात. आता सगळ्यांना एकच तोंड द्यायचं. प्रस्ताव दोनच उरलेत – ह्याच्या कंपनीचं पॅनेल आणि आमची गोल, फिरवून घट्ट करायची जोडणी. आमची दणकट, पण लावता लावता माणूस मेटाकुटीला येतो. जिंकणार पॅनेलच. आमच्या साहेबांनाही ते कळतं.

आज त्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुझ्याकडे काही आहे का?

मी नाही म्हटलं. पण जरा थांबून म्हटलं. ते थांबणं साहेबांनी ऐकलं.

आम्ही नवरा-बायको आहोत हे समितीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आम्हीच लेखी दिलं होतं. अध्यक्ष निवृत्त लष्करी अधिकारी. तेव्हा म्हणाले होते, भांडायचं ते इथे भांडा, घरी नेऊ नका.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

केलं मी.

त्याने पॅनेल फार सुंदर मांडलं. लोक माना डोलवत होते. साहेबांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही – मुद्दाम. आणि माझा हात वर गेला.

"थंडीत, जाड हातमोजे घालून दांडा तिरका ओढला गेला, तर कोपऱ्यातल्या पिनांचं काय होतं?"

इतका नेमका प्रश्न! कोपराही मीच सांगितला. त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. ओळखीचं माणूस रस्त्यात ओळख न देता पुढे गेलं की आपण बघतो ना, तसं पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, त्यावर काम चालू आहे. अध्यक्ष म्हणाले, म्हणजे अडचण आहे तर. पॅनेल गारठवून सगळ्यांसमोर पाहायचं ठरलं.

बाहेर जिन्यात साहेबांनी पाठ थोपटली. मला ते आवडलं. हे लिहायला हवं – आवडलं. ती लाज प्रश्नाच्या लाजेपेक्षा मोठी आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

तो ऑफिसातून आला. येताना मेथीची जुडी आणली, स्वतःच निवडली.

रविवार, ८ फेब्रुवारी

अबोला धरला असता तर बरं झालं असतं. बोलतो! दूध संपलंय का, गॅसवाला येऊन गेला का, आईच्या गोळ्या आणू का. कामाचं मात्र अवाक्षर नाही. मीही तशीच, लोण्यात घोळलेली. शेवटी सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"इतकं गोड काय बोलताय दोघं? माझे रिपोर्ट आलेत का?"

आम्ही दोघंही हसलो. नजर त्याने आधी काढून घेतली, की मी, सांगता येणार नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

शीतपेटीतून पॅनेल काढलं. हातमोजे घातलेला एक धिप्पाड जवान पुढे आला, दांडा ओढला. कट्ट. एवढासाच आवाज. कोपऱ्यातल्या पिना पार आडव्या.

समितीच्या मसुद्यात आमची जोडणी घेतली. ऑफिसात केक आणला होता आणि सुरी माझ्या हातात दिली. कापला. खाल्लासुद्धा.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

ह्याच्या कंपनीत चौकशी लागली आहे. आतली गोष्ट बाहेर गेली कशी? ती खोड माहीत असलेली माणसं मोजकीच. संशय टाचणीवर!

टाचणी त्यांच्या चाचणी विभागातली. काम पिनांचं, अंगकाठी तशीच, बोलणंही टोचणारं. फोनवर स्वतःच "टाचणी बोलतेय" म्हणते. तिने मागे कधीतरी आमच्या कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला होता. तेवढं पुरलं. चौकशी संपेपर्यंत तिला घरी बसवलंय.

हे त्याने मला पाठमोरं सांगितलं, इस्त्री करता करता. मी विचारलं, तू काय सांगितलंस त्यांना?

"काय सांगणार?" म्हणाला. शर्टाची तीच बाही पुन्हा इस्त्रीखाली घेतली. मी पुढे विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

टाचणी आली होती. ह्याला भेटायला, पण तो बाहेर गेला होता. मी चहा केला. आलं गरजेपेक्षा जास्तच किसलं.

तिची मुलगी म्हणे रोज विचारते, आई, आज पण सुट्टी? शेजारणीही विचारतात. हे सगळं हसत सांगितलं तिने. मग कप खाली ठेवला.

"वहिनी, मी कुणाजवळ बोलले नाही हो. तुम्ही तरी विश्वास ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं. ठेवते! जणू तिच्यावर उपकारच.

जाताना दारात चप्पल घालत म्हणाली, पण प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात. मीही वरिष्ठांना तेच सांगत होते, आधी दुरुस्त करा, मग दाखवा. कुणी ऐकलं नाही.

दार लावून तिथेच उभी राहिले. सासूबाईंनी आतून विचारलं, कोण होतं गं? मी म्हटलं, कुणी नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आज अध्यक्षांकडे गेले. नवऱ्याला न सांगता. सांगितलं असतं तर तो "जाऊ दे" म्हणाला असता, आणि मी आनंदाने जाऊ दिलं असतं. एवढी मी स्वतःला ओळखते.

सगळं सांगितलं. चादरींसकट. ते खिडकीशी उभं राहून ऐकत होते. म्हणाले, प्रश्न योग्यच होता, पिना वाकल्या त्या सगळ्यांसमोर वाकल्या. निर्णय बदलत नाही. पण तुमच्या यजमानांच्या कंपनीला मला कळवावं लागेल.

"कळवा," मी म्हटलं. "तिला परत घेऊ देत."

येताना रस्ता रुंद वाटला. किती दिवसांनी भूक लागली.

बुधवार, २५ फेब्रुवारी

टाचणीला कामावर बोलावलं! तिचा फोन आला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "चहा छान होता, वहिनी." आणि ठेवला.

साहेबांनी मला समितीतून काढलं. वर म्हणाले, हरिश्चंद्र व्हायची एवढी घाई काय होती? मला काहीच वाटलं नाही. ह्याला आज सांगणारच होते, पण तो उशिरा आला आणि तसाच झोपला. उद्या.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

भर दुपारी घरी आला. डबा तसाच भरलेला.

चौकशीच्या पहिल्याच दिवशी त्याला विचारलं होतं, घरी बोललात का? त्याने लेखी दिलं होतं – नाही. माझ्यावर येऊ नये म्हणून. टाचणीचं नाव मागून निघालं, तेव्हा त्याला शब्द फिरवता आला नाही. तो गप्प राहिला. माझी कबुली तिथे पोचली आणि तो खोटा ठरला. आज त्याची नोकरी गेली.

"मला एकदा विचारायचंस," म्हणाला. मग डबा ओट्यावर ठेवत म्हणाला, "नाही, केलंस ते बरं केलंस. टाचणीचा फोन यायचा, तो मी उचलत नव्हतो."

इतके दिवस मला वाटत होतं, या घरात नजर चुकवणारी मी एकटीच आहे.