बाहेर बसायला माणूस हवं

ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे; गुडघा सध्या वाकत नाही. का, ते पुढे येईल.) तुझी पाठ, तुझा रक्तदाब आणि तुझा माझ्यावरचा राग, तिन्ही कसे आहेत? पहिल्या दोघांना उतार पडो. तिसऱ्याबद्दल काही मागत नाही. तुझं पत्र पोचलं. 'काय करायचं ते करा.' चौदा महिन्यांनी चार शब्द, म्हणजे साडेतीन महिन्यांना एक पडला. तरी आनंद झाला. तुझी भावजय म्हणाली, चारही शब्द टोमण्यातले आहेत. मी म्हटलं, असू देत, अक्षर तर ताईचं आहे.

तर तुझ्या लेकीला, म्हणजे आमच्याकडे शिकायला राहिलेल्या चिमणीला, वडील गेले ती जागा पाहायची आहे. मी नको नको म्हणून पाहिलं. 'मामा, तू नाही आलास तर मी एकटी जाईन,' म्हणाली. लेक तुझी, तेव्हा धमकी खरी धरावीच लागते. शिवाय एकट्याने गुहेत जाऊ नये हे जगाला शिकवत फिरणारे भावोजी त्या दिवशी डोंगरातल्या त्या भोकात नकाशा काढायला एकटेच शिरले होते. घराण्यात आता एवढा एक पराक्रम पुरे. आत दगड सरकला, पाय अडकला. बाकी माणूस धडधाकट होता, नेला तो गारठ्याने. बाहेर वही घेऊन मी बसलो होतो. वहीत परतीची वेळ लिहिली होती, चार. चारला बाहेर दिसले नाहीत तर मदतीला फोन करायचा, एवढंच माझं काम. फोन लागत नव्हता, हे तुला तेव्हाच सांगितलं आहे. पुन्हा उगाळत नाही.

आम्हाला तयार करायला एक बाई लाभल्या आहेत. निवृत्त परिचारिका; तीस वर्षं गुहांत जातात आणि तेवढीच वर्षं तिथून परत येतात, हे त्यांचं मोठेपण. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचे बूट, दोर, कपडे सगळं उकळत्या पाण्यात बुडवायला लावलं. आपल्या पायांना लागून आलेली बुरशी आतल्या वटवाघळांच्या जिवावर उठते म्हणे. (माझे बूट उकळून असे आटले की आता ते चिमणीला होतात.) माणशी तीन दिवे. एक विझतो, दुसरा पडतो, तिसरा असतो म्हणून माणूस घाबरत नाही. आत मोठ्याने बोलायचं नाही, खायचं नाही, छतावरून लोंबणाऱ्या दगडी सुळक्यांना बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलकटपणाने त्यांची वाढ खुंटते. हजार वर्षांत ते बोटभर वाढतात. मी म्हटलं, आमच्या कचेरीत बढतीचा वेग साधारण हाच आहे. बाई हसल्या नाहीत. त्या हसतच नाहीत. बहुधा त्यांच्याही कशाची तरी वाढ बोट लागून खुंटली असावी.

चिमणीला तिथे भावोजींची मोजायची टेप ठेवायची होती. बाईंनी साफ नकार दिला. 'गुहा म्हणजे तुमच्या घरचं कपाट नाही. तिथे काही ठेवायचं नाही, तिथलं काही आणायचं नाही.' पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग बाई म्हणाल्या, 'टेप घेऊन जा. त्यांचं मोजायचं राहिलं असेल तेवढं मोज. आणि टेप परत आण.' तेव्हापासून कार्टी घरातलं सगळं मोजते आहे. मी उभा आणि आडवा सारखाच भरतो, असं तिने वहीत लिहून ठेवलं आहे.

शेवटची तालीम गेल्या रविवारी दुपारी आमच्याच घरी झाली. पलंग, त्याला लागून शिवणयंत्र, पुढे जेवणाचं टेबल, वरून सगळीकडे चादरी, अशी गुहा झाली. बाहेर वही घेऊन तुझी भावजय. परतीची वेळ सव्वातीन. चिमणी सरड्यासारखी सरसरत गेली आणि आली; बाईंनी तिला काही बोलायचं नाही म्हणून बाजूला बसवलं. मी मात्र यंत्राचं पायडल आणि पलंगाचा पाय यांच्यामध्ये गुडघ्यात असा अडकलो की ना पुढे ना मागे. हाका मारायच्या नाहीत, ही बाईंची अट. आतला आवाज बाहेर येत नाही असं धरून चालायचं. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. नाकाशी गेल्या वर्षी हरवलेला मोजा होता, त्याच्याकडे पाहत पडलो. ताई, माणूस स्वतःच्या पलंगाखाली, भर दुपारी, बायको सहा हातांवर असतानाही घाबरतो, हे मला माहीत नव्हतं. पावणेचारला तिने चादर वर केली. मधल्या वेळात वाळलेले कपडे काढून घड्यासुद्धा घालून झाल्या होत्या. 'अहो, तुमचं नेहमीचंच,' म्हणाली, 'म्हटलं, येतील.'

यावर मी तिथेच पडून राहिलो, तेव्हा तिला वाटलं गुडघा फारच दुखावला. बाईंनी तिच्या हातातली वही काढून घेतली. 'या बाहेर बसायच्या नाहीत. माया आहे, म्हणून सूट देतात. सूट न देणारं माणूस आणा, नाहीतर जाणं रद्द.' तुझी भावजय दोन दिवस बाईंना शिव्या देत होती.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद सांग, असं लिहिणार होतो. पण घरात आता तू एकटीच, तेव्हा दोन्ही तूच ठेवून घे.

तुझा,
धाकटा

ता. क. : सूट न देणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. शाळेतून पाच मिनिटं उशीर झाला की तू आतून कडी घालायचीस. आई गयावया करायची, तू हलायची नाहीस. येत्या शनिवारी दहाला आत, दोनला बाहेर. तू आलीस तरच बाई आम्हाला सोडतील. चिमणीला हे सांगितलेलं नाही. ती रोज दिवे तपासते आहे.

आणखी एक : वर फोनचं लिहिलं आहे ते खोटं आहे. फोन लागत होता. चारला मी तो हातात घेतला आणि म्हटलं, भावोजींचं नेहमीचंच, येतील. सव्वापाचला लावला. पहिल्याच घंटेला उचलला बचाव पथकवाल्यांनी.

शेवटचं : हे वाचून यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर माझ्याशी बोलू नकोस, चालेल. फक्त दोन वाजून एक मिनिटाला आम्ही दिसलो नाही, तर 'याचं नेहमीचंच' म्हणू नकोस. माझं नेहमीचंच आहे. तरी म्हणू नकोस.