केशरी चोचीचा पोपट

रविवार, संध्याकाळ

हसून हसून गाल दुखून राहिले. कांचघर मोहल्ल्यातल्या लग्नात आज आमचं पहिलं विकलेलं रुखवत मांडलं होतं. क्रोशाचं सगळं विणकाम माझं, ऑर्डर घेणं मोठ्या जाऊबाईंचं. असंच ठरलं होतं ना?

सगळे त्यातल्या पोपटापाशी थांबत होते. लाल धागा संपला म्हणून मी त्याची चोच केशरी विणली होती. तेव्हा याच जाऊबाई चिडल्या होत्या, "लाल काहून नाही आणला? लोक हसतील!"

आज नवरदेवाकडच्या एका बाईंनी विचारलं, "ये तोता किसने बनाया, दीदी?"

"मैंने ही, जी. केशरी चोंच तो मेरी पहचान है." मग माझ्याकडे बोट दाखवून, "ये धागा सुलझा देती है."

मी शेजारीच उभी होते. काहून हसत राहिले? पाहुण्यांत तमाशा नको म्हणून, की घाबरले? केशरी म्हणे पहचान!

आत्ता स्वयंपाकघरातून जाऊबाईंची हाक आली, "सुषमा, त्या बाईंना तस्साच पोपट पाहिजे. चोच केशरीच कर हं!"

"हो ताई," म्हटलं.

चोचीसाठी नवा लाल धागा काढून ठेवला आहे.