‘नंतर’ दाबण्यासाठी बदली माणूस मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय.

विषय : मुलीच्या बाळंतपणासाठीच्या रजेत माझ्या खुर्चीवर माणूस मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवरील आपला शेरा, “नंतर पाहू.”

महोदय,

१. मी आपल्या कार्यालयात संगणक सहाय्यक आहे. दाखले देणारी आपली वेब प्रणाली ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभी आहे, तो बनवणाऱ्यांनीच केव्हाच वाऱ्यावर सोडला. दरम्यान ब्राउझर बदलले, लोक मोबाइलवर आले, सुरक्षेचे नियम कडक झाले. सांगाडाही थोडाथोडा बदलत नेला असता तर निभावले असते. “चालतंय ना, मग कशाला हात लावता?” असे आपले म्हणणे पडले.

२. आता ही प्रणाली फक्त खिडकीजवळच्या जुन्या संगणकावर, त्यातल्या जुन्या ब्राउझरमध्ये उघडते. संगणक दर थोड्या वेळाने विचारतो, “अपडेट आत्ता करू की नंतर?” उत्तर न मिळाल्यास तो आपल्या मनाने अपडेट होतो, जुना ब्राउझर जातो आणि दाखले बंद पडतात. इंटरनेट तोडावे, तर दाखले निघतच नाहीत. सबब मी दिवसभर तिथे बसून ‘नंतर’ दाबतो. कार्यालयात मला ‘नंतरकाका’ म्हणतात. त्याचे वाईट वाटत नाही असे नाही.

३. एकदा दाढ काढण्यासाठी गेलो असता शिपाईमामांना बसवले होते. त्यांनी ‘आत्ता’ दाबले. “इतक्या अदबीनं विचारतोय, नाही कसं म्हणायचं?” असा त्यांचा खुलासा आहे. संगणक पूर्ववत होईपर्यंत एक मुलगी वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी रोज जिन्यात बसून होती. मला तिच्याकडे बघवत नव्हते.

४. रजा ऑनलाइनच मागावी असा नियम असून ते पानही याच प्रणालीत आहे. “पदभार कोणाकडे?” या रकान्यात प्रणाली जाणणाऱ्यांचीच नावे येतात, म्हणजे माझे एकट्याचे येते. नाइलाजाने तेच निवडले. रजा मंजूर झाली, आणि रजेच्या काळात बदली कर्मचारी म्हणून मीच हजर राहावे, असा आदेश आस्थापना शाखेने काढला. आदेश नियमाला धरून आहे, त्यामुळे तक्रार तरी कुठे करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे.

५. मुलीला सोमवारी शस्त्रक्रियेसाठी दाखल करणार आहेत. तिची आई आता नाही, जावई बोटीवर आहेत. काल तिने फोनवर विचारले, “बाबा, तुम्ही याल ना?” नेमके तेव्हाच संगणकानेही विचारले. बोट बटणावर गेले आणि तोंडूनही “नंतर” गेले. ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तिने उचलला नाही.

६. प्रणाली नव्या सांगाड्यावर नेणे हे दोन दिवसांचे काम नव्हे, याची जाणीव आहे. तूर्त खुर्चीवर एक माणूस बसवावा. तेही शक्य नसल्यास संगणकाला एकदाचे ‘आत्ता’ म्हणण्याची मला लेखी परवानगी द्यावी.

७. या अर्जावर शेरा लिहिताना तेवढा तो एक शब्द टाळावा, ही हात जोडून विनंती. तो मी मुलीला देऊन बसलो आहे.

आपला नम्र व जागेवरच असलेला,
(सही)
संगणक सहाय्यक

दिनांक : शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी

सोबत :
१. रजा मंजुरीचा आदेश.
२. त्याच रजेत हजर राहण्याचा आदेश.