बाजरीतला पंखा

गुरुवार, मे २००२

डोकं अजून तापलंय. गरिबी तपासायला जुन्नरहून साहेब येणार, हे आठवडाभर ठाऊक होतं. छताला पंखा दिसला की पिवळं रेशनकार्ड गेलंच, असं सगळे म्हणत होते. ह्यांना आज सुट्टी, म्हणून सकाळीच पंखा उतरवून बाजरीच्या कणगीत पुरला. चाकणच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागले तेव्हा हौसेनं घेतलेला. नोकरीचा उद्याचा भरवसा नाही, पण पंखा दिसला की आम्ही कायमचे सुखी? हा कुठला न्याय?

दुपारी साहेब आले ते घामानं निथळतच. सासूबाईंनी गूळपाणी दिलं, पदरानं वारा घातला. मी डोळे वटारतेय, पण त्या बघतील तर ना!

"पावणं उन्हातनं आलंय, आन् आपुन नुसतं बघायचं व्हय? काढ रं तो पंखा बाजरीतनं!"

आईचा शब्द ह्यांनी कधी मोडलाय? पंखा निघाला. तो टांगताना साहेबांनीच स्टूल धरलं. बटण दाबल्यावर पात्यांवरची बाजरी साहेबांच्या डोक्यावर. मी मेल्याहून मेले. ते केस झटकत म्हणाले, "लई गार वाटलं, आजी." आणि आम्हाला दारिद्र्यरेषेच्या वर लिहून उठले.

दिवेलागणीला ठेकेदाराचा निरोप आला, सोमवारपासून काम बंद. मी ह्यांना म्हटलं, "साहेब अजून सरपंचांकडे आहेत. पळा, सांगा आम्ही परत गरीब झालो."

सासूबाई पंख्याखालनं ओरडल्या, "आत्ता नगं! पावणं जेवत असंल."