शून्य आलं की बरं

३ जून
नोकरीचा पहिला दिवस. मी जाम खूश आहे! डिप्रेशनवरच्या नव्या औषधाची चाचणी, तीही नाकात मारायच्या स्प्रेची. सर म्हणाले, मेंदूत रिसेप्टर असतात, दारावरच्या बेलसारखे. एक बेल सतत वाजत राहिली की माणूस खचतो, आपण तीच बंद करतो. माझी कामं दोन. पेशंटना स्प्रे स्वतःच्या नाकात मारून दाखवायचा, आणि उदासी किती ते विचारून मार्क द्यायचे. शून्य आलं की बरं. चाचणीत ताईचं नाव मीच घातलंय, तिला वॉर्डात दाखल केलंय. भाऊजी गेल्यापासून ती अंथरूण सोडत नाही, आणि तिची चिंगी अजून रांगतेय.

११ जून
ताई उठली. न्हाली, केस विंचरले आणि मला म्हणाली, "आरशात बघ गं, भूत दिसतेस." किती दिवसांनी टोमणा ऐकला! डबल ड्युटीनं पायांचे तुकडे पडलेत, पण चालेल.

१९ जून
वॉर्डभर शून्य. आज रिटायर्ड मास्तरांनी गरम किटलीवर हात ठेवला आणि काढलाच नाही. मीच ओढला. कातडी सोलली होती. भाजलं ते कळलं की, असं म्हणून हसले. सरांना सांगितलं. ते म्हणाले, आपल्या प्रश्नांत भाजण्याचं कुठंय? शून्यच लिही.

२२ जून
ताईला घरी सोडलं. मी नको म्हणत होते. शेवटी मीच सोबत राहायला आले. चिंगी पलंगावरून पडली. ताई बघत राहिली. नुसती.

२४ जून
बाळ रडलं की आई धावते, तीसुद्धा हीच बेल असणार — सर फोन घेत नाहीत. चिंगीला सोडून झोपताही येत नाही. इतकी थकलेय की —

२५ जून
सरांचा फोन. दाखवायच्या बाटलीत नुसतं पाणी असतं असं मी धरून चालले होते. चाचणीत खऱ्या-खोट्या बाटल्या मुद्दाम सारख्याच ठेवतात. माझी खरी निघाली. रोज मारत होते — तरीच काल रात्रीपासून भीती वाटत नाहीये.

२६ जून
दुपार. ताई इस्त्री करतेय. चिंगी बाथरूममध्ये, बादलीपाशी. नळ चालू. रडतेय. ताईला म्हटलं, जा ना. ती म्हणाली, "तूच जा की. बसलीच आहेस."
खरंय.
रडणं थांबलं. पाणी वाहतंय —
उठायला हवं, कळतंय मला. उठते. एवढं लिहून झालं की उ