मुक्कामाचा रकाना

आप्पा,

उद्या सकाळी दहा वाजता मला साहेबांच्या टेबलावर एक कागद ठेवायचा आहे. तो समोर कोरा पडला आहे, आणि त्याच्याकडे बघायला नको म्हणून मी दुसरा कागद घेऊन तुम्हाला लिहायला बसले आहे. रविवारची दुपार आहे. लांब लष्कराच्या रेंजवर फायरिंग चालू आहे, मधूनच खिडकीची काच थरथरते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी इतकं सलग मी कधी बोलले नाही, आणि आता अडचण आली तर बरोबर तुमची आठवण झाली. रागवायचं तर रागवा.

मी काय काम करते ते ऐकून तुम्ही हसाल. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी तपासणीला आहे. शेततळ्यांचे प्लास्टिकचे कागद करता करता आमच्या साहेबांना एक वेगळंच काम मिळालं. नौदलाच्या जवानांना तोफा-बंदुकांचा नेम शिकवतात, त्यासाठी समुद्रावर तरंगणारी निशाणं लागतात, ती आम्ही करतो. जाड रबरी कापडाचे नारिंगी रंगाचे फुगे, एकेक आपल्या दुकानाएवढा. आत पाच कप्पे असतात, म्हणजे गोळ्या लागून एक-दोन फुटले तरी बाकीच्यांवर ते तरंगत राहतं. बोटीमागे लांब दोराला बांधून ओढत नेतात आणि त्याच्यावर गोळ्या झाडतात. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी समुद्र पाहिलेला नाही. नवीन बाई आली की पहिल्या आठवड्यात हमखास विचारते, "फोडायसाठीच करायचं, तर येवढं जपून कशाला, ताई?" त्याचं उत्तर मला शेवगावला तुमच्या पंक्चरच्या दुकानात मिळालं होतं, तेही चूक करून झाल्यावर.

दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुम्ही खाली बसला आहात, पायात ट्रॅक्टरची ट्यूब धरली आहे, भोकाभोवतीची जागा कानशीने घासता आहात. सोल्युशन लावता आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसता. मला धीर धरवत नाही. "वाळू दे," तुम्ही म्हणता, "बोटाला चिकटायचं थांबलं की मग लाव." चाकात जायची ट्यूब हौदात बुडवून, बुडबुडे बघून तुम्ही लगेच देत होतात. पण विहिरीत उतरायला नेणार असतील, मोटारीच्या पाइपाच्या तळाचा फुटवॉल साफ करायला माणूस तिच्यावर बसणार असेल, तर ती ट्यूब तुम्ही कधीच त्या दिवशी सोडली नाही. हवा भरायची, पोटाला घट्ट सुती दोरा बांधायचा आणि रात्रभर दुकानात ठेवायची. सकाळी दोरा सैल लागला तर पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक कितीही तडतडलं तरी तुमचं एकच उत्तर, "ट्यूब मुक्कामी हाय. उद्या या." गावात तुमची त्यावरून थट्टा चालायची, की आप्पाच्या दुकानात ट्यूबासुद्धा वस्तीला राहतात.

माझी बारावी झाली होती त्या उन्हाळ्यात तुम्ही कोल्हारला कुणाच्या तरी दहाव्याला गेलात. सकाळी एका शेतकऱ्याने विहिरीसाठी ट्यूब आणून टाकली होती. जाताना तुम्ही सांगून गेलात की पॅच मार आणि मुक्कामी ठेव. मी पॅच मारला, तोही ओल्या सोल्युशनवर. संध्याकाळी त्याचा गडी विचारायला आला आणि मी ट्यूब त्याच्या हातात देऊन दुकान बंद केलं. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या मध्यावर पॅच उचकटला. दोराने ओढून काढेपर्यंत तिच्यावर बसलेला तो शेतकरी बरंच पाणी प्याला आणि दगडावर आपटून त्याचा गुडघा गेला. पुढे मी त्याला बाजारात पाहायची ती काठी घेऊनच. तुम्ही परत आल्यावर त्याचा भाऊ दुकानात आला तेव्हा मी हौदापाशी उभी होते. "आप्पा, पॅच कुनी मारला?" तुम्ही मान वर केली आणि म्हणालात, "मी." त्याने विचारलं, "आन् मुक्काम?" तुम्ही म्हणालात, "म्याच न्हाई केला." तो शिव्या देऊन गेला. त्यानंतर विहिरीची ट्यूब आपल्याकडे कुणी आणली नाही.

तुम्ही मला मारलं नाहीत. तुम्ही फक्त विचारलंत, मुक्कामी का ठेवली नाहीस, आणि मी म्हणाले, विसरले. तुम्ही कानस पुसून ठेवलीत. मग म्हणालात, "चाकाची हवा गेली तर मानूस उतरून चालाया लागतो. पान्यावर कुठं उतरंल?" आमच्या नवीन बायकांना मी हेच ऐकवते. निशाणावर कुणी बसत नाही हे खरं, पण ते ओढणारी माणसं पाण्यावरच असतात. तपासणीच्या कार्डावर "चोवीस तास हवा धरून ठेवणे" असा रकाना होता, त्याला मी मुक्काम म्हणायला लागले आणि सगळा कारखाना म्हणायला लागला. आता कार्डावर छापूनच येतं: मुक्काम. पुढे मी लिहायचं, झाला किंवा नाही.

गेल्या महिन्यात एका निशाणापुढे मी "झाला" लिहिलं. तो झाला नव्हता. जोड चिकटवणाऱ्या आमच्या मावशी आहेत, पन्नाशीच्या पुढच्या, रोजावर येतात. त्यांनी दुपारीच मला बजावलं होतं, "ताई, आज हवा दमट हाय, जोड वाळंना. मुक्काम झाल्याबिगर हलवू नका." तरी मी सही केली आणि गाडी सोडली. पंधरा दिवसांनी नौदलाचं पत्र आलं. एकही गोळी लागायच्या आधी निशाण एका अंगाने पाण्यात बसलं, दोराला हिसका बसला आणि एका खलाशाचं मनगट मोडलं. साहेबांनी कार्ड काढलं, माझी सही पाहिली आणि म्हणाले, मुक्काम झालाय म्हणजे तपासणी बरोबर आहे, जोडच कच्चा होता. सगळ्यांसमोर त्यांनी मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाल्या, "असंल माझ्याच हातचं," आणि डबा उचलून निघाल्या. आप्पा, त्या अगदी तुमच्यासारख्या बोलल्या आणि मी पुन्हा हौदापाशीच उभी होते. पंचेचाळीस वर्षांची बाई, आणि मला माझी इतकी शरम कधी वाटली नव्हती.

साहेबांना नौदलाला उत्तर पाठवायचं आहे, त्यासाठी उद्याच्या कागदावर मला दोन ओळी लिहायच्या आहेत. मुक्काम केला होता, खाली सही. तेवढं दिलं की विषय संपतो आणि मावशी कायमच्या घरी बसतात. खरं लिहिलं तर मी बसेन. मी लिहिणार आहे. मघाशी हे पत्र मध्येच ठेवून त्या कागदावर "मी मुक्काम करायला विसरले" असं लिहिलं आणि हात अडला. कारण त्या दिवशी गाडीवाला स्वतःच म्हणाला होता, "घाई न्हाई ताई, मी बी हितंच मुक्काम करतो की." मलाच साहेबांना फोन करून सांगायचं होतं, की माल आजच निघाला, आणि त्यांच्याकडून शाबास म्हणवून घ्यायचं होतं.

"विसरले" खोडलं आहे. त्या जागी काय लिहायचं ते सुचेपर्यंत तुम्हाला सांगून टाकते. कोल्हारहून तुम्ही आलात आणि मी विसरले म्हणाले, तेव्हा ती ट्यूब मला चांगली आठवत होती. दोरासुद्धा तोडून घेतला होता. मैत्रिणीकडे टीव्हीवर पिक्चर लागणार होता, आणि हवा भरून दोरा बांधत बसले असते तर सुरुवात चुकली असती.